बॉम्बे रक्तगटापासून रक्तवाहिन्यांच्या वाढीपर्यंत : पेशीपृष्ठावरील प्रथिनांचे कार्य

प्रास्ताविक

कोपरगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने रक्तगट तपासणी शिबिरे भरविली जातात. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतले जातात. त्यांवर निळ्या, पिवळ्या आणि रंगहीन प्रतिद्रवाचा एकेक थेंब टाकून काडीने ढवळले जाते आणि तांबड्या पेशी गोळा होतात की नाही हे एक-दोन मिनिटांत डोळ्यांनी पाहिले जाते. पहिल्या दोन्ही थेंबांत पेशी गोळा झाल्या नाहीत, तर विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर 'ओ' असे लिहिले जाते. ही नोंद पुढे वाहनचालक परवान्यावर जाते, नोकरीच्या अर्जावर जाते, आणि तिची पुन्हा तपासणी करण्याचे कारण सहसा पडत नाही. बहुतेक वेळा ती बरोबरच असते. परंतु काही हजारांत एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ती चुकीची असते आणि अशा व्यक्तीस 'ओ' गटाचे रक्त दिल्यास तिच्या जिवावर बेतू शकते. हा रक्तगट 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला जातो.

पदवी वर्गांत आनुवंशिकी शिकविताना एपिस्टॅसिसचे, म्हणजे एका जनुकाने दुसऱ्या जनुकाचा आविष्कार झाकण्याचे उदाहरण म्हणून हा रक्तगट येतो. गुणोत्तराचे गणित सुटले की विषय संपतो. वस्तुतः मुंबईत लागलेला हा शोध पेशीविज्ञानातील एका मोठ्या प्रश्नाचा दरवाजा आहे. पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, धरलेली जागा सोडून दुसरीकडे कशा जातात, आणि नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात, हा तो प्रश्न होय. या तिन्ही क्रिया पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवर आणि त्या प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळ्यांवर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात बॉम्बे रक्तगटाचा धागा धरून या प्रथिनांच्या कार्याचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

मुंबईतील शोध

वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया या मुंबईतील संशोधकांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे इंग्लंडमधील संशोधक त्याचे सहलेखक होते. या टिपणात ज्या तीन व्यक्तींचे वर्णन आहे, त्यांच्या तांबड्या पेशींवर ए व बी हे दोन्ही प्रतिजन नव्हते, म्हणून त्या 'ओ' गटाच्या असावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तद्रवाने 'ओ' गटाच्या पेशीही गोळा केल्या. याचा अर्थ 'ओ' गटाच्या पेशींवरही असे काहीतरी असते, जे या व्यक्तींच्या पेशींवर नव्हते आणि म्हणून त्यांच्या शरीराला परके वाटत होते. त्यास 'एच' प्रतिजन म्हणतात.

रसायनदृष्ट्या पाहता एच ही फार साधी गोष्ट आहे. तांबड्या पेशीच्या पटलातील प्रथिनांना व मेदांना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीच्या टोकाजवळील गॅलॅक्टोजला फ्यूकोज नावाची एक लहानशी शर्करा जोडली की एच प्रतिजन तयार होतो. त्यावर आणखी एक शर्करा बसली की ए किंवा बी. 'ओ' गटात ही शेवटची शर्करा बसत नाही आणि एच तसाच उघडा राहतो. फ्यूकोज जोडण्याचे काम करणारे विकर ज्या जनुकापासून बनते, त्यास एफ-यू-टी-१ असे नाव आहे. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. पायाच नसल्याने वरचा मजला बांधला जात नाही. ए अथवा बी जनुक शाबूत असूनही ते मुके राहते. भारतीय बॉम्बे रक्तगटात एफ-यू-टी-१ मधील एक विशिष्ट बदल आणि त्याच्या शेजारचे एफ-यू-टी-२ हे जनुक पूर्णपणे गळून गेलेले असणे, या दोन गोष्टी एकत्र आढळतात. दुसरे जनुक लाळेसारख्या स्रावांत एच निर्माण करते, त्यामुळे या व्यक्तींच्या लाळेतही एच नसतो.

मुंबई परिसरात या रक्तगटाचे प्रमाण ढोबळमानाने दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. गुण अप्रभावी असल्याने दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत रूढ आहे; इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांच्या अभ्यासात तिची सविस्तर चर्चा केली आहे. अशा विवाहांतून अप्रभावी जनुके एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. पुढे येणाऱ्या आजारांच्या संदर्भातही या मुद्द्याचे महत्त्व आहे.

येथवरची हकीगत पाठ्यपुस्तकांत सापडते. बॉम्बे रक्तगटाची माणसे एरवी पूर्णपणे निरोगी असतात, हीही त्यात नोंद असते. मात्र या नोंदीचे आश्चर्य वाटावे असा प्रसंग चाळीस वर्षांनी घडला.

तोच रक्तगट, पण आजारी मुले

आमोस एत्झिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये इस्रायलमधील दोन अरब बालकांची माहिती प्रसिद्ध केली. दोघांचे आईवडील आपसांत नातेवाईक होते. दोन्ही बालकांना वारंवार न्यूमोनिया व हिरड्यांचे संसर्ग होत; त्यांची वाढ व बौद्धिक विकास खुंटलेला होता. रक्तात श्वेतपेशींची संख्या प्रचंड वाढलेली होती, तरीही संसर्गाच्या जागी पू धरत नव्हता. पू म्हणजे बव्हंशी मृत श्वेतपेशीच. तेव्हा श्वेतपेशी रक्तात भरपूर आहेत पण रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत, असा अर्थ निघत होता. आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे होता!

मुंबईतील निरोगी माणसे आणि ही आजारी बालके यांचा रक्तगट एकच कसा, याचे उत्तर फ्यूकोजच्या वाटेत आहे. मुंबईच्या व्यक्तींमध्ये फ्यूकोज जोडणारे एकच विकर, तेही मुख्यतः तांबड्या पेशी व रक्तवाहिन्यांच्या अस्तरापुरते निकामी असते. श्वेतपेशींत हे काम निराळी विकरे करतात आणि ती शाबूत असतात. या बालकांत मात्र फ्यूकोजला पेशीतील गॉल्जी या भागात पोहोचविणारे वाहक प्रथिनच सदोष होते. संबंधित जनुकाचा शोध २००१ मध्ये लागला. कोठारातच माल पोहोचत नसेल, तर कारागीर कितीही असले तरी उपयोग नाही. परिणामी कोणत्याच पेशीवर फ्यूकोज नीट जोडला जात नव्हता. तांबड्या पेशींवर एच नाही, म्हणून रक्तगट बॉम्बे. श्वेतपेशींवर सायलिल लुईस एक्स ही फ्यूकोजयुक्त साखळी नाही, म्हणून संसर्ग. या विकारास श्वेतपेशी-आसंजन न्यूनता, प्रकार दुसरा, असे म्हणतात. आसंजन म्हणजे चिकटून राहण्याची क्रिया.

त्यावर फ्यूकोज तोंडाने देण्याचा उपाय करून पाहण्यात आला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुर्की बालकाच्या बाबतीत त्याचा चांगला गुण आला. इस्रायलमधील बालकांत तो आला नाही. वाहकातील दोष कोणत्या प्रकारचा आहे यावर ते अवलंबून असावे.

लोळणे, थांबणे, शिरणे

श्वेतपेशी रक्तवाहिनीबाहेर कशी पडते हे पाहिल्याखेरीज वरील विकाराचे मर्म कळत नाही. रक्ताच्या वेगवान प्रवाहात वाहणारी श्वेतपेशी एकदम थांबू शकत नाही. पुराच्या पाण्यात वाहत जाणारा माणूस काठावरचे झाड एका हाताने धरू गेला तर हात सुटतो; लव्हाळे, मुळे, फांद्या असे मिळेल ते क्षणभर धरीत व सोडीत वेग कमी झाला, तरच तो एखादा बळकट बुंधा धरू शकतो. श्वेतपेशीचेही तसेच आहे. संसर्गाच्या जागेजवळील रक्तवाहिनीची अस्तरपेशी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाची प्रथिने आणते. ही प्रथिने श्वेतपेशीवरील सायलिल लुईस एक्स साखळी पकडतात व लगेच सोडतात. या धरसोडीमुळे श्वेतपेशी अस्तरावरून लोळू लागते. तिचा वेग सेकंदाला काही दहा मायक्रोमीटरपर्यंत उतरतो.

सिलेक्टिनच्या पकडीचा एक विलक्षण गुण २००३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाला. सामान्यतः बंध ओढला की लवकर तुटतो. ही पकड मात्र एका मर्यादेपर्यंत ओढ वाढली असता अधिक काळ टिकते. प्रवाह थांबला की श्वेतपेशी सुटून जाते, प्रवाह चालू असला की लोळत राहते. निसर्गाने प्रवाहाचाच उपयोग पकडीसाठी करून घेतला आहे असे म्हणावे लागेल.

लोळता लोळता श्वेतपेशीला अस्तरावरील रासायनिक संदेश मिळतात आणि तिच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन ही दुसरी प्रथिने जागी होतात. मानवात आल्फा शृंखलेचे १८ व बीटा शृंखलेचे ८ प्रकार असून त्यांच्या जोड्यांतून २४ इंटिग्रिने बनतात. विश्रांतीच्या अवस्थेत इंटिग्रिन गुडघ्यात वाकलेल्या पायासारखे दुमडलेले असते. पेशीच्या आतून टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिने त्याच्या शेपटीला जोडली गेली की ते ताठ उभे राहते आणि बाहेरील जोडीदारास घट्ट धरते. म्हणजे पृष्ठभागावरील पकड आतून आज्ञा मिळाल्यावर बळकट होते. पकड बसली की तिची वार्ता उलट आत जाते. हा दुतर्फा संवाद हेच इंटिग्रिनचे वैशिष्ट्य होय. १९८६ मध्ये या प्रथिनाचे नामकरण करताना पेशीबाह्य जाळे व पेशीचा आतील सांगाडा यांना एकसंध करणारे, हाच अर्थ अभिप्रेत होता. रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना या कार्यासाठी २०२२ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले.

या साखळीतील तिन्ही कड्या तुटल्याची उदाहरणे मानवात सापडली आहेत. दुसऱ्या प्रकारात लोळणेच नाही. पहिल्या प्रकारात बीटा-२ ही इंटिग्रिनची शृंखला सदोष असते. श्वेतपेशी लोळते पण थांबत नाही. तिसऱ्यात इंटिग्रिन शाबूत असते, परंतु किंडलिन-३ नसल्याने ते जागे होत नाही. रक्तबिंबिकांनाही हीच अडचण येत असल्याने अशा बालकांत संसर्गाबरोबर रक्तस्रावही होतो. यांपैकी पहिला प्रकार सर्वांत अधिक आढळतो. नवजात बालकाची नाळ नेहमीच्या मुदतीत गळून न पडणे, नाळेच्या जागी पू नसलेला संसर्ग आणि श्वेतपेशींची फार मोठी संख्या ही त्याची खूण मानली जाते. नाळ गळण्यासाठीही श्वेतपेशी तेथे पोहोचाव्या लागतात. ग्रामीण भागातील आशा सेविका व परिचारिका नाळेची विचारपूस करतातच. त्या विचारपुशीमागे हा अर्थ दडलेला आहे, हे त्यांना शिकविणाऱ्यांनी सांगावयास हरकत नाही. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. बॉम्बे रक्तगटाच्या टिपणाचे एक लेखक भाटिया हे पुढे तिचे संचालक झाले. आज केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या या संस्थेत अशा बालकांच्या श्वेतपेशींवरील इंटिग्रिनची तपासणी केली जाते. रक्तगटापासून पेशींच्या पकडीपर्यंतचा प्रवास एकाच संस्थेच्या इतिहासात घडला आहे.

पकड आणि चाल

पेशी बांधून ठेवण्याचे काम करणाऱ्या प्रथिनांत कॅडहेरिन कुळाचा निर्देश करावयास हवा. शेजारच्या दोन पेशींवरील कॅडहेरिने कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकींत गुंततात. त्वचा, आतड्याचे अस्तर यांसारख्या ऊती त्यामुळे अखंड राहतात. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी या प्रथिनांचा पाया घातला. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात होणाऱ्या जठराच्या कर्करोगाचे कारण ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष हे असल्याचे दिसून आले. पेशी सुटी झाली की ती भटकू लागते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

तथापि सुटणे म्हणजे चालणे नव्हे. चालण्यासाठीही पकड लागते. निसरड्या जमिनीवर पाय ठरत नाही आणि चिखलात तो रुततो. दोहोंच्या मधल्या जमिनीवर माणूस भराभर चालतो. पेशींच्या बाबतीत १९९७ मध्ये नेमके हेच दाखविले गेले. इंटिग्रिनची पकड मध्यम असताना पेशीचा वेग सर्वाधिक असतो, फार कमी किंवा फार घट्ट पकडीत ती जागच्या जागी राहते. सरकणारी पेशी पुढील कडेस नवे पाय रोवते, आतील ॲक्टिनच्या तंतूंनी अंग ओढून घेते आणि मागील पकड सोडते. वाटेत पेशीबाह्य जाळे आडवे आले तर ते कापण्यासाठी विकरे सोडते.

पेशी शरीराबाहेर वाढवून तिच्या हालचाली पाहण्याची सोय झाल्यामुळेच हे ज्ञान मिळाले. भारतात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे स्मरण या संदर्भात उचित ठरेल. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आयुष्याचा मोठा काळ वेचला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरातील आदिवासी बालकांच्या पोषणाच्या कामात रमल्या, ही गोष्ट जिल्ह्यातील प्राध्यापकांनाही फारशी ठाऊक नसते.

कर्करोगाच्या पेशी हीच चाल कशी वापरतात यावर महाराष्ट्रातच महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांच्या गटाने ऑस्टिओपॉन्टिन या स्रवणाऱ्या प्रथिनाचा पाठपुरावा केला. हाडांत व अन्य ऊतींत आढळणाऱ्या या प्रथिनावर आर्जिनिन, ग्लायसिन व ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा लहानसा क्रम असतो. १९८४ मध्ये उजेडात आलेला हा क्रम म्हणजे अनेक इंटिग्रिनांच्या कुलपाची किल्ली होय. उंदराच्या मेलॅनोमा पेशींवरील आल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिनला ऑस्टिओपॉन्टिन जोडले गेले की आत संदेश जातो, पेशीबाह्य जाळे कापणारे विकर कार्यान्वित होते आणि पेशीची घुसण्याची क्षमता वाढते, असे या गटाने २००१ मध्ये दाखविले. याच मार्गास हळदीतील कर्क्युमिन रोखते, असा निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. या निष्कर्षाचा अर्थ हळद खाल्ल्याने कर्करोग बरा होतो असा लावणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. बशीतील पेशींवर दिसणारा परिणाम आणि रुग्णाला मिळणारा गुण यांत मोठे अंतर असते. परिसंवादांतून हे अंतर अनेकदा विसरले जाते.

खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत राजीव कलरैया यांच्या गटाचे काम मुंबईच्या रक्तगटाशी अधिक जवळचे आहे, कारण येथेही प्रश्न शर्करासाखळीचाच आहे. मेलॅनोमाच्या पेशी रक्तातून फिरताना फुप्फुसातच का वस्ती करतात? त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना लांबलचक, पुनरावृत्त शर्करासाखळ्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर गॅलेक्टिन-३ हे त्या साखळ्या ओळखणारे प्रथिन असते, असे २००५ व २००९ मधील त्यांच्या शोधनिबंधांतून पुढे आले. श्वेतपेशीने संसर्गाची जागा ओळखावी, तशीच कर्करोगाची पेशी आपले बिऱ्हाड ओळखते.

रक्तवाहिन्यांची वाढ : कालवा आणि चारी

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणारे गोदावरीचे कालवे कोपरगाव तालुक्यास परिचित आहेत. कालवा, वितरिका, चारी आणि शेवटी शेतातील पाट अशी ही रचना असते. तळाच्या शेताला पाणी पोहोचले नाही तर मागणी होते आणि नवी चारी काढावी लागते. शरीरातही पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या व्हीईजीएफ नावाचा वाढघटक स्रवतात. जवळच्या रक्तवाहिनीतील अस्तरपेशींवर त्याचे ग्राहक प्रथिन असते. संदेश मिळताच एक अस्तरपेशी पुढाकार घेते, बोटांसारखे तंतू काढून वाढघटकाच्या दिशेने सरकते. त्याच वेळी ती आपल्या पृष्ठभागावरील डीएलएल-४ या प्रथिनाद्वारे शेजारणीच्या नॉच या प्रथिनास स्पर्श करून तिला पुढारी होण्यापासून परावृत्त करते. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी बनणार नाही. मागच्या पेशी विभाजित होत वाहिनीची लांबी वाढवितात. या काळात व्हीई-कॅडहेरिनची शेजारपकड काहीशी सैल होते आणि नळी पुरी झाली की पुन्हा घट्ट बसते.

गाठीच्या आसपास वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांत ही शेवटची पायरी नीट पार पडत नाही. त्या वेड्यावाकड्या असतात व झिरपतात. अस्तर नसलेल्या कालव्याच्या पाझराने शेजारची जमीन चिबड व्हावी आणि तळाच्या शेताला पाणी मिळू नये, तशी गाठीची अवस्था असते. झिरपण्यामुळे आतील दाब वाढतो व औषधही खोलवर पोहोचत नाही. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये गाठींची वाढ रक्तवाहिन्या रोखून थांबविता येईल असे मांडले. पुण्याच्या गटाने २००८ मध्ये स्तनाच्या कर्करोगात ऑस्टिओपॉन्टिन हे व्हीईजीएफच्या मार्गाने गाठीची व तिच्या रक्तवाहिन्यांची वाढ घडविते, असे दाखवून पेशीची चाल आणि रक्तवाहिनीची वाढ यांतील दुवा जोडला.

एच प्रतिजनाचा धागा येथे पुन्हा हाती येतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर एच व त्याच्याशी नाते असलेली लुईस वाय ही साखळी असते. १९९५ मध्ये अस्तरापासून सुटून द्रवात आलेले ई-सिलेक्टिन, आणि २००० मध्ये अशीच सुटी लुईस वाय-एच साखळी, नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देतात असे आढळले. संधिवाताच्या सांध्यात अशा रक्तवाहिन्या फोफावतात, त्या अभ्यासातून हे पुढे आले. मग बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत, जिच्यात एच तयार करणारे विकरच नाही, रक्तवाहिन्या वाढावयास अडचण यावयास हवी. ती येत नाही. ती व्यक्ती जन्मते, वाढते, तिच्या जखमा भरतात. एखादा रेणू प्रयोगशाळेत एखादी क्रिया घडवितो आणि तो त्या क्रियेस अपरिहार्य असतो, ही दोन वेगळी विधाने आहेत, हे मुंबईच्या या माणसांनी आपल्या अस्तित्वानेच दाखविले आहे.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत औषधशास्त्राने मोजली आहे. आल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिन रोखले असता कोंबडीच्या अंड्यातील पटलावर नव्या रक्तवाहिन्या वाढत नाहीत, असे १९९४ मध्ये दिसले. त्यावरून सिलेंजिटाइड हे औषध तयार झाले. दरम्यान २००२ मध्ये, ज्या उंदरांत बीटा-३ हे इंटिग्रिन जन्मतःच नाही त्यांच्या गाठींत रक्तवाहिन्या कमी होण्याऐवजी अधिक वाढतात, असा कोड्यात टाकणारा निष्कर्ष आला होता. म्हणजे हे प्रथिन परिस्थितीनुसार गती देते आणि लगामही घालते. मेंदूच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत सिलेंजिटाइडचा रुग्णांच्या आयुर्मानावर परिणाम झाला नाही, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल या आजाराचा उपद्रव मोठा आहे. त्यातील वेदनांच्या झटक्यांत पी-सिलेक्टिनमुळे पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरास चिकटतात. ते रोखणारे क्रिझानलिझुमॅब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढील चाचणीत लाभ न दिसल्याने युरोपने आपली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली.

सर्वच प्रयत्न फसले असे नाही. रक्तबिंबिकांवरील आल्फा-टू-बी-बीटा-३ इंटिग्रिन रोखणारे टायरोफिबान हृदयविकारात वापरले जाते. फुरसे या सापाच्या विषातील एका प्रथिनावर, वर उल्लेखिलेला तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो. त्या नमुन्यावरून हे औषध रचले गेले. येथे यश मिळाले, कारण या इंटिग्रिनचे ठिकाण एकच, काम एकच आणि औषध द्यावयाचा काळही थोडाच असतो. प्रथिन कोठे, केव्हा व कोणाच्या सोबतीने आहे हे ठरल्याशिवाय त्याचे कार्य ठरत नाही.

शिबिरातील काचपट्टी

शिबिरातील तपासणी पेशींच्या बाजूने होते. ए आणि बी आहेत की नाहीत एवढेच ती विचारते, एचविषयी विचारीत नाही. रक्तपेढीत याच्या जोडीला उलट तपासणी केली जाते. व्यक्तीचा रक्तद्रव ज्ञात ए, बी आणि ओ पेशींत मिसळून पाहिला जातो. खऱ्या 'ओ' व्यक्तीचा रक्तद्रव ओ पेशींना गोळा करीत नाही. बॉम्बे रक्तगटाचा करतो. शंका आल्यास एच ओळखणारे द्रव्य वापरतात. युलेक्स या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून ते मिळते. मूळचे युरोपातील हे झुडूप आता निलगिरीच्या डोंगरांत तण म्हणून पसरले आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र करता येईल असा हा विषय आहे, आणि त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत.

शिबिराच्या ओळखपत्रावर 'ओ' लिहिताना त्याखाली 'केवळ पेशी-तपासणीवरून. रक्त देण्या-घेण्यापूर्वी रक्तपेढीत खात्री करावी' अशी ओळ छापणे सहज शक्य आहे. रक्त देण्याआधी रक्तपेढी जुळवणी करतेच, त्यामुळे चूक बहुधा तेथे पकडली जाते. परंतु रात्री अपरात्री, अपघाताच्या प्रसंगी, तालुक्याच्या गावी ती पकडली जाणे म्हणजे हाती असलेल्या 'ओ' रक्ताची एकही पिशवी चालत नाही हे कळणे होय. तेव्हा रक्तदाता शोधण्यास दिवस लागू शकतो. व्यक्तीचा खरा गट आधी ठाऊक असेल तर नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी तिचेच रक्त काढून साठविता येते. तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणीही आधी करून ठेवता येते. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता चारांत एक असते.